प्रतिसंस्काराचे कर्तव्य

ग्रंथ लिहिणाऱ्याला कीर्ती मिळते, टीकाकाराला मान मिळतो, प्रकाशकाला क्वचित पैसाही मिळतो. परंतु लिहिलेल्या ग्रंथावर पहारा ठेवून त्यातील चुकलेली, जुनी झालेली वा अपुरी पडलेली ओळ दुरुस्त करीत राहणाऱ्या मनुष्याचे बहुधा नावही कोणास ठाऊक नसते. हा जगाचा साधा व्यवहार आहे व त्याबद्दल सहसा कोणी तक्रार करीत नाही. तथापि काही ग्रंथ असे असतात की, त्यांच्या बाबतीत मूळ लिहिणाऱ्यापेक्षा दुरुस्त करणाऱ्याची जबाबदारी अधिक गंभीर असते. तातडीच्या वैद्यकीय उपचारांचे संदर्भग्रंथ त्या वर्गातले होत. त्यांची देखभाल हा वरवर पाहता केवळ डॉक्टरमंडळींचा घरगुती विषय वाटेल. परंतु त्यात एक जुना नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि तो आपणा सर्वांच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोचणारा आहे. जो शब्द उद्या बदलण्याचा संभव आहे हे आपणांस आजच ठाऊक आहे, त्या शब्दावर आज विश्वास ठेवावा काय? आणि ठेवावयाचा झाल्यास तो कोणत्या अटीवर?

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. एका पिढीपूर्वी डॉक्टरच्या टेबलावर जाडजूड छापील ग्रंथ असे. त्याची नवी आवृत्ती काही वर्षांनी निघे, आणि ती तालुक्याच्या गावी पोचेपर्यंत आणखी काळ लोटे. आज तोच डॉक्टर खिशातला मोबाइल काढतो. तातडीच्या उपचारांची, कोणालाही फुकट वाचता येतील अशी टिपणे इंटरनेटवर असतात. 'विकईएम' हे त्यांपैकी एक प्रसिद्ध उदाहरण. अमेरिकेत लॉस एंजेलिस परगण्यातील हार्बर-यूसीएलए या रुग्णालयातील डॉक्टरांच्या टिपणांतून ते वाढत गेले. आपल्या देशात तातडीची चिकित्सा हा पदव्युत्तर शिक्षणाचा स्वतंत्र विषय म्हणून मान्य झाला तोच मुळी २००९ साली. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागली ती २०१४ साली. सारांश, या शास्त्राचा स्वतंत्र तज्ज्ञ खेड्यातील आरोग्य केंद्रात भेटणे अद्याप दुर्मीळ आहे, आणि तज्ज्ञाची ही उणीव भरून काढण्याचे ओझे पुस्तकावर येऊन पडते.

आता अशी कल्पना करावी की, श्रावणातील रात्र आहे. वर्धा जिल्ह्यातील कारंजा किंवा समुद्रपूर तालुक्यातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात शेतातून एका मजुराला आणले आहे. पायावर दंशाची खूण आहे, पण साप कोणी पाहिलेला नाही. नुकताच पदवी घेऊन आलेला डॉक्टर एकटाच कामावर आहे. विष रक्तात भिनले की नाही हे ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे: थोडे ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यावे, वीस मिनिटे तिला हात लावू नये, मग ती तिरपी करून पाहावी, रक्त पातळच राहिले असेल तर घोणस किंवा फुरसे यांसारख्या सापाच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती नष्ट केली आहे असे समजावे. या वाक्यातून 'काचेच्या' हा एकच शब्द गळाला तर? हल्ली दवाखान्यात प्लॅस्टिकच्या नळ्याच हाताशी असतात, आणि काचेच्या स्पर्शाने रक्त जसे गोठू लागते तसे प्लॅस्टिकच्या स्पर्शाने गोठत नाही. मग बिनविषारी साप चावलेल्या मनुष्याचे रक्तही पातळ दिसेल, आणि डॉक्टर त्याला नको असलेली लस टोचील. त्या लसीची प्रतिक्रिया कधी कधी जिवावर बेतते. काव्यातील एखादे विशेषण गळाल्यास ओळीची शोभा कमी होते. येथे मनुष्याच्या प्राणांशी गाठ आहे. हा प्रसंग काल्पनिक असला तरी संकट काल्पनिक नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लक्ष माणसे, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, मृत्युमुखी पडली असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काढलेला आहे, आणि त्यांतील बहुसंख्य मृत्यू खेड्यांतले आहेत.

ग्रंथशुद्धीची कल्पना आपल्याला नवी नाही. एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीन शतकांच्या नकलांत शिरलेले अपपाठ काढून ज्ञानदेवांचा शब्द जसाच्या तसा पुन्हा उभा करणे, हा त्यांचा हेतू होता. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली आरंभून १९६६ साली पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सित आवृत्तीही त्याच जातीची. या शोधनाची दिशा मागची असते. मूळ वचन जितके जवळून सापडेल तितका ग्रंथ शुद्ध झाला, असा तेथील न्याय आहे, आणि शोधकाने पदरची एक ओवी घालणे हे तेथे पातक आहे.

वैद्यकाच्या ग्रंथाचे शोधन मात्र नेमके उलट दिशेने चालते. मूळ लेखक काय म्हणाला याला तेथे महत्त्व नाही. रोग्याचे काय होते याला आहे. लेखकाचा शब्द आणि रोग्याचा अनुभव यांत विरोध आला, तर शब्दाने माघार घेतली पाहिजे. नवल असे की, हा दुसरा न्यायही आपल्या पूर्वजांस ठाऊक होता व त्यांनी त्याला नावही दिले होते. ज्याला आपण चरकसंहिता म्हणतो तो ग्रंथ मुळात चरकाचा नव्हे. आत्रेयाचा उपदेश अग्निवेशाने ग्रथित केला, चरकाने त्याचा प्रतिसंस्कार केला, आणि पुढे कित्येक शतकांनी दृढबल नावाच्या वैद्याने चिकित्सास्थानातील सतरा अध्याय व अखेरची दोन स्थाने यांची भर घालून तो पूर्ण केला. प्रतिसंस्कार करणाऱ्याचे काम काय, हेही दृढबलाने सांगून ठेवले आहे. जे फार त्रोटक असेल ते त्याने विस्ताराने सांगावे, जे फार पाल्हाळिक असेल ते आटोपशीर करावे, आणि जुन्या तंत्राला पुन्हा नवे करावे. ग्रंथ ज्याच्या नावाने आज जगात ओळखला जातो तो त्याचा मूळ कर्ता नसून प्रतिसंस्कर्ता आहे, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. पुढील काळात मात्र आपण प्रतिसंस्काराचे थांबून भाष्यावर भाष्ये रचीत बसलो, आणि संहितेच्या शब्दाला हात लावणे धाडसाचे मानू लागलो. ज्ञानेश्वरीला जो न्याय शोभतो तो आपण वैद्यकालाही लावला, ही आपली चूक होय.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. जो ग्रंथ महिन्यामहिन्याला बदलतो, ज्याला आजचे वचन उद्या मागे घेण्याचा संकोच नाही, त्याला प्रमाण तरी कसे म्हणावे? सामान्य मनुष्याला स्थिर शब्दाचा आधार वाटतो. "काल हे म्हणत होते, आज ते म्हणतात" हा डॉक्टरांवरील आरोप आपण प्रत्येक घरी ऐकतो, आणि त्यातून "मग कोणाचेच ऐकू नये" असा निष्कर्षही ऐकतो.

या आक्षेपाचे उत्तर न्यायशास्त्राच्या आधाराने देता येईल. नैयायिकांनी शब्द हे प्रमाण मानले, परंतु कोणाचा शब्द? आप्ताचा. आणि आप्त कोण? वात्स्यायनाच्या भाष्याप्रमाणे, ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो. हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे असेही त्याने स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे प्रामाण्य कुळावर, देशावर वा प्राचीनत्वावर अवलंबून नाही. वस्तूचे ज्ञान आणि सांगण्यातील सचोटी या दोहोंवर आहे. न्यायसूत्रात शब्दाच्या प्रामाण्याला दृष्टांत दिला आहे तोही आयुर्वेदाचा, कारण औषधाचा गुण प्रत्यक्ष प्रत्ययास येतो. आता हे लक्षण आपल्या ग्रंथाला लावून पाहावे. ज्याला वस्तूचे अधिक ज्ञान झाले आहे, तरीही जो आपले जुने वाक्य तसेच ठेवतो, त्याच्या ठिकाणी आप्तत्वाचे दुसरे अंग, म्हणजे जसे जाणले तसे सांगण्याची इच्छा, उरलेले नसते. त्याचा शब्द स्थिर आहे खरा, पण आप्ताचा राहिलेला नाही. उलट ज्याने ज्ञान बदलताच वाक्य बदलले तो काल आप्त होता व आजही आहे. आपला विश्वास वाक्यावर नसून वाक्यामागे जागे असलेल्या माणसावर असतो. आणि तो जागा आहे याची खूण म्हणजे वेळोवेळी झालेली दुरुस्तीच होय.

जाग नसली तर काय होते याचे एक उदाहरण विसरण्यासारखे नाही. डोक्याला जबर मार लागलेल्या रोग्याला स्टिरॉइड जातीचे औषध देण्याची चाल गेल्या शतकात कित्येक वर्षे होती. मेंदूची सूज उतरेल, असा त्यामागील तर्क होता, आणि तो ऐकणाऱ्याला पटेल असाच होता. मग ४९ देशांतील २३९ रुग्णालयांत दहा हजारांवर रोग्यांवर या औषधाची रीतसर परीक्षा झाली. २००४ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा की, औषध मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के रोगी दोन आठवड्यांत दगावले, व न मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के. शेकडा तीन हा फरक एका डॉक्टरच्या डोळ्यांना जन्मभरात दिसला नसता. प्रत्येकाने आपल्यापरी सद्बुद्धीने औषध दिले, प्रत्येकाच्या हाताशी तसे सांगणारे पुस्तक होते, आणि या सद्बुद्धीने किती माणसे गेली याचा हिशेब कोणाजवळही नाही.

पुस्तके मागे राहतात ही गोष्टही सिद्ध झालेली आहे. १९९२ साली काही अमेरिकन संशोधकांनी हृदयविकाराच्या झटक्यावरील उपचारांचा प्रयोगसिद्ध पुरावा एका बाजूस मांडला आणि त्या त्या वर्षीची पाठ्यपुस्तके दुसऱ्या बाजूस. रक्तातील गुठळी विरघळविणारी औषधे प्राण वाचवितात हे प्रयोगांवरून ठरल्यानंतरही अनेक वर्षे कित्येक पुस्तके त्यांचा नीट पुरस्कार करीत नव्हती. उलट ज्यांचा उपयोग दिसून आला नव्हता असे उपचार सुचवीत होती. येथे दोष कोणाचा? खोटे लिहिण्याचा गुन्हा कोणीच केलेला नाही. ज्या दिवशी ते वाक्य लिहिले त्या दिवशी ते खरेच वाटत होते. दोष आहे तो न केलेल्या कृतीचा. आपल्या नीतिविचारात केलेल्या पापाची चर्चा पुष्कळ आहे. न केलेल्या कर्तव्याची त्या मानाने थोडी. विहीर खणणाऱ्याचे पुण्य आपण गातो, तिचा कठडा ढासळला असता तो बांधून घेण्याचे काम कोणाचे, हे कोणी विचारीत नाही. आणि एखादे पोर आत पडेपर्यंत गावातील प्रत्येक जण निर्दोषच असतो.

मात्र यावरून नवे ते सारे घ्यावे असा अर्थ कोणी काढील तर तो दुसऱ्या खड्ड्यात पडेल. सुमारे १९०४ साली सर लॉडर ब्रंटन यांच्या सूचनेवरून सर्पदंशासाठी एक छोटे उपकरण निघाले. एका टोकास नस्तर, दुसऱ्या टोकास पोटॅशियम परमँगनेटचे खडे. दंशाची जागा चिरावी व त्यात ते खडे चोळावे, अशी योजना. त्या काळचे हे अगदी नवे, शास्त्रीय म्हणून आलेले ज्ञान होते, आणि हिंदुस्थानात त्याचा पुष्कळ प्रसारही झाला. प्रयोगशाळेत परमँगनेट विषाशी मिसळले असता विष निकामी होते हे खरे होते. शरीरात भिनलेल्या विषापर्यंत ते पोचत नाही, हेही तितकेच खरे होते. आज जखम चिरणे, चोखणे, आवळून बांधणे हे सर्व वर्ज्य मानले जाते. दंश झालेला अवयव न हलविता रोग्याला लवकरात लवकर दवाखान्यात न्यावे, एवढेच सांगितले जाते. तेव्हा दुरुस्ती करणाऱ्याला नव्याचा मोह आणि जुन्याची भीड या दोहोंपासून सारखेच सावध राहावे लागते.

या ठिकाणी वर्ध्याशी निगडित अशा एका थोर पुरुषाची आठवण येते. महात्मा गांधी १९३६ साली सेवाग्रामी येऊन राहिले. त्यापूर्वी, १९३३ साली, 'हरिजन' पत्रात त्यांनी वाचकांना असे सांगितले होते की, आपल्या दोन लेखांत विसंगती दिसली तर नंतरचा लेख ग्राह्य धरावा. स्वतःच्या बाबतीत त्यांनी हा नियम पाळलाही. दक्षिण आफ्रिकेत 'इंडियन ओपिनियन'मध्ये त्यांनी आरोग्यावर लेखमाला लिहिली होती. ती पुस्तकरूपाने बरीच पसरली होती. असे असता १९४२ साली पुण्यास आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी त्याच विषयावर पुन्हा नव्याने पुस्तक लिहिले. त्याचे इंग्रजी भाषांतर डॉ. सुशीला नायर यांनी केले, आणि त्याच सुशीलाबहेनांनी पुढे १९६९ साली सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन केली. लोकप्रिय पुस्तकाच्या कर्त्याने ते पुन्हा नव्याने लिहावयास बसणे, हा दुर्मीळ गुण होय.

तरीही 'नंतरचे ते ग्राह्य' हा नियम एका प्रामाणिक माणसाच्या आत्मविकासाला जितका लागू पडतो तितका शास्त्राला पडत नाही, कारण शास्त्रात बोलणारे पुष्कळ असतात. याचे उदाहरण आपल्या विदर्भाच्या जिव्हाळ्याचे आहे. कापसाच्या या मुलखात कीटकनाशकांची विषबाधा ही दवाखान्यांची नित्याची कहाणी आहे; २००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या सहा जिल्ह्यांसाठी खास मदत जाहीर केली त्यांत वर्धा जिल्हा होता, आणि २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विष अंगात जाऊन माणसे मेली. यांपैकी ऑर्गॅनोफॉस्फरस जातीच्या विषावर अॅट्रोपीन हे औषध निर्विवाद आहे. वाद आहे तो प्रॅलिडॉक्झिम या दुसऱ्या औषधाचा. २००६ साली आपल्या बारामतीच्या डॉक्टरांनी दोनशे रोग्यांवर केलेला प्रयोग 'लॅन्सेट' या विख्यात पत्रात प्रसिद्ध झाला. औषध दर चार तासांनी न देता मोठ्या मात्रेत अखंड ठिबकत दिल्यास मृत्यूचे प्रमाण आठ टक्क्यांवरून एक टक्क्यावर येते, असे त्यात दिसले. तीनच वर्षांनी, २००९ साली, श्रीलंकेतील २३५ रोग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. तेथे औषध दिलेल्यांपैकी २४.८ टक्के व न दिलेल्यांपैकी १५.८ टक्के मृत्यू पावले. हा फरक योगायोगाचाही असू शकेल, परंतु औषधाचा लाभ मात्र दिसला नाही. आता नंतरचे ते ग्राह्य म्हणून बारामतीचा पाठ पुसून टाकावा काय? दोन्ही प्रयोगांतील प्रश्न एक नव्हता. एकाने औषध कसे द्यावे हे विचारले, दुसऱ्याने द्यावे की नाही हे विचारले. विषांचे प्रकार, रोगी पोचेपर्यंत गेलेला वेळ, अतिदक्षता विभागातील सोयी, या साऱ्यांत अंतर असू शकते. अशा वेळी ग्रंथाच्या रखवालदाराने दोन्ही निष्कर्ष वर्षासह नोंदवून 'हा प्रश्न अनिर्णीत आहे' असे स्वच्छ लिहावे, यातच सचोटी आहे. निर्णय हवा असलेल्या डॉक्टरला हे वाक्य आवडणार नाही. पण खोट्या निश्चयापेक्षा खरा संशय त्याच्या रोग्याला अधिक उपकारक होईल, कारण संशय असलेला डॉक्टर रोग्याकडे पाहत राहतो.

यावरून प्रतिसंस्काराचे काही नियम सुचतात. बदल करावा तो पुराव्यावर, ऐकीव वार्तेवर नव्हे. प्रत्येक बदलाशेजारी दिनांक व कारण असावे. जुना पाठ नाहीसा करू नये; तो बाजूस राहू द्यावा, म्हणजे आपण कोठून कोठे आलो हे पुढच्याला दिसेल व चुकलो असल्यास परतता येईल. इंटरनेटवरील ग्रंथाला ही सोय छापील ग्रंथापेक्षा अधिक आहे. आणि ज्याचा उपयोग नाही असे ठरले ते काढून टाकण्याचे धैर्य असावे. भर घालणे सर्वांना आवडते. वगळणे कोणाला आवडत नाही, कारण भर घालणाऱ्याचे काम दिसते आणि वगळणाऱ्याचे दिसत नाही. परंतु मध्यरात्री घाईने वाचणाऱ्या डॉक्टरला निरर्थक अशा दहा ओळींमुळे अकरावी सापडत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे वगळणे हीदेखील सेवाच आहे हे पटेल.

आणखी एक गोष्ट अशी की, हे काम परदेशातील मंडळींवर सोपवून आपल्याला स्वस्थ बसता येणार नाही. लॉस एंजेलिसच्या डॉक्टरला आपला लाल विंचू ठाऊक नाही. त्या विंचवाच्या विषाने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदयावर भयंकर ताण येतो, फुप्फुसांत पाणी भरते, आणि एके काळी अशा गंभीर रोग्यांपैकी शेकडा तीस-चाळीस दगावत. नागपूरला शिकलेले डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात महाडकडे सरकारी आरोग्य केंद्रात नोकरीस असताना या रोग्यांच्या उशाशी बसून राहिले, प्रत्येक लक्षणाची वेळ टिपत राहिले, आणि प्राझोसिन ही रक्तदाबावरील स्वस्त गोळी या विषाच्या परिणामांना नेमका उतारा आहे असे त्यांनी दाखविले. १९८६ साली ते 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले, व मृत्यूचे प्रमाण शेकडा पाचांच्याही खाली आले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. विंचवाच्या विषावरील लस प्राझोसिनच्या जोडीला दिल्यास रोगी अधिक लवकर बरा होतो काय, याचा त्यांनी प्रयोग केला, आणि होतो असा निष्कर्ष २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे आपल्याच पानाचा प्रतिसंस्कार त्यांनी आपल्याच हाताने केला. सेवाग्रामच्या डॉक्टरांनीही २००६ साली आपल्याकडे आलेल्या सर्पदंशाच्या रोग्यांच्या नोंदी तपासून, कोणत्या लक्षणांचा रोगी दगावण्याचा धोका अधिक, हे प्रसिद्ध केले. जेथे साप आणि विंचू राहतात तेथेच त्यांच्या दंशाचे पान लिहिले गेले पाहिजे. खेड्यातल्या डॉक्टरने जे पाहिले ते न लिहिणे ही नम्रता वाटते. परंतु त्या मौनामुळे पुढचा रोगी अडत असेल तर ती नम्रता म्हणता येणार नाही.

शेवटी जबाबदारीचा प्रश्न उरतो. छापील ग्रंथावर एकाचे नाव असे, चुकीचा जाब त्याला विचारता येई. शेकडो हातांनी वाढणाऱ्या ग्रंथात जबाबदारी वाटली जाते, आणि वाटली गेलेली जबाबदारी पुष्कळदा हरवते. चूक दिसली तरी प्रत्येक जण 'दुसरा कोणी सुधारील' असे म्हणून पुढे जातो. माझ्या मते येथे नियम असा असावा की, चूक ज्याला दिसली, त्याच्याकडे ती दुरुस्त करण्याचे किंवा दुरुस्त करवून घेण्याचे कर्तव्य आले. त्याने ती लिहिली नसेल, त्याला वेतन नसेल, मान नसेल. परंतु दिसणे हाच त्याचा अधिकार आणि दिसणे हेच त्याचे बंधन. वाटेत काच पडलेली पाहून जो पुढे गेला तो, मागून येणाऱ्या अनवाणी मुलाच्या जखमेला अगदीच परका राहत नाही.

हा नियम एकदा मान्य केला की तो डॉक्टरांपुरता उरत नाही. आपल्या प्रत्येक घरात तातडीच्या उपचारांचे एक न लिहिलेले पुस्तक असते. ते आजीकडून आईकडे व आईकडून मुलीकडे येते. साप चावला तर दोरीने करकचून बांधावे. विष पोटात गेले तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढावी. फिट आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवावी. भाजले तर त्यावर शाई किंवा टूथपेस्ट लावावी. यांतील प्रत्येक ओळ कोणी तरी मायेनेच लिहिलेली आहे. पण भाजलेल्या जागेवर बराच वेळ गार पाणी सोडावे, फिट आलेल्याला कुशीवर वळवून त्याच्या तोंडात काही घालू नये, विष प्यालेल्याला ओकारी न काढविता थेट दवाखान्यात न्यावे, हा नवा पाठ आता उपलब्ध आहे. सुशिक्षित म्हणविणाऱ्या आपल्या कुटुंबांतही जुनाच पाठ चालू असतो, कारण तो बदलणे म्हणजे वडील माणसांचा अनादर, अशी एक समजूत आहे. चरकाने अग्निवेशाचा अनादर केला असे कोणी म्हणत नाही. अग्निवेशाचा ग्रंथ आज वाचावयास मिळतो तो त्याच्या प्रतिसंस्कारामुळेच. वडिलांच्या शब्दामागे जी माया होती ती राखून शब्द तेवढा बदलावा, आणि मुलांना सांगताना हेही सांगून ठेवावे की, हे आमच्या वेळचे उत्तम ज्ञान आहे. तुमच्या वेळी ते पुन्हा तपासून घ्या.